सात दिवसांत ज्युदो, तेही घरच्या गादीवर?

‘मुलींनो, फक्त सात दिवस! ज्युदोत वजन, ताकद काही लागत नाही. घरी गादीवर मैत्रिणीसोबत ओसोतो-गारी करा, आत्मविश्वास येईल, राग कायमचा जाईल.’ सोबत व्हिडिओ. हे भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर आलं आणि पालकांनी धडाधड अंगठे दिले, म्हणून लिहावं लागतंय.

वजन लागत नाही? मग ऑलिंपिकमध्ये बायकांचे 48 किलोपासून 78 च्या वरपर्यंत सात गट कशाला? 1964 साली तोक्योत ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा खुल्या गटाचं सुवर्ण जपानच्या कामिनागाला हरवून धिप्पाड डच आन्तोन गेसिंकने नेलं. बरं, समोरच्याचा तोल आधी ढळवला, म्हणजे कुझुशी जमली, तर ताकद कमी लागते, हे खरं. पण विरोध करणाऱ्या माणसाचा तोल ढळवायला वर्षं जातात.

डोकं फिरतं ते गादीवरच्या ओसोतो-गारीने. या डावात समोरच्याचा पाय मागून झटक्यात उडवला जातो, माणूस सरळ पाठीवर जातो आणि मान चाबकासारखी मागे झटकते. जपानच्या शाळांत 1983 नंतरच्या तीसेक वर्षांत ज्युदो करताना शंभराहून अधिक मुलं दगावली. नागोया विद्यापीठाच्या उचिदा र्‍यो यांनी हे आकडे पुढे आणले. डोक्याची दुखापत हे मोठं कारण, त्यातही नवखी मुलं जास्त. आणि तिथे मॅट होती, शिकवणारे होते!

म्हणून धड क्लासमध्ये आधी उकेमी, म्हणजे पडणं. उकिडवं बसा, हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर. पाठ गोल ठेवून मागे लोळा आणि पाठ टेकतानाच दोन्ही हात, कोपरापासून तळव्यापर्यंत, मॅटवर आपटा; अंगापासून साधारण 30 ते 45 अंशांवर. उशीर झाला तर धक्का पाठीने आधीच खाल्लेला असतो. हात मागे टेकवला तर मनगट गेलंच. हे उकिडवं जमलं की मगच उभ्याने.

पाडणाऱ्याचंही काम असतं: जोडीदाराची बाही शेवटपर्यंत वर खेचून धरायची. 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा काढणाऱ्या, ज्युदोचे जनक कानो जिगोरोंचं तत्त्व ‘जिता-क्योएई’, दोघांचंही भलं, ते या बाहीत आहे. गादीत पाय रुतला की पाडणाराच वरून कोसळतो, बाही धरणार कोण?

त्या मेसेजच्या खाली ‘ब्लॅक बेल्ट म्हणजे उस्ताद’ असंही आहे. पहिल्या काळ्या पट्ट्याला शोदान म्हणतात. ‘शो’ म्हणजे सुरुवात. रागाचं तर सोडाच.

तो व्हिडिओ पुन्हा लावा आणि पडणाऱ्या मुलीची हनुवटी बघा. वर आहे. पाडणारीने बाही केव्हाच सोडलीय.