डॉक्टरांना न सांगितलेली गोळी

गेल्या मे महिन्यात आईला सांगोल्याहून सोलापूरला दवाखान्यात हलवावं लागलं. दोन दिवस जुलाब-उलट्या, त्यात आमच्याकडचा उन्हाळा. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ३.४. किडनीचं काम मंदावलं की रक्तातला हा आकडा वाढतो. सहा महिन्यांपूर्वी ते १.१ होतं, तो रिपोर्ट माझ्या फाइलमध्येच होता.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कुठल्या गोळ्या चालू आहेत?"
"बीपीची. तेवढीच."
"अजून काही?"
"नाही हो."

आई खोटं बोलत नव्हती. तिच्या बटव्यात डायक्लोफिनॅकच्या, म्हणजे दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या होत्या. दोन वर्षं रोज सकाळी एक, शेतात जास्त काम झालं तर रात्री आणखी एक. पण ते तिच्या लेखी औषध नव्हतंच. औषध म्हणजे बीपीचं, शुगरचं. गुडघ्याची गोळी म्हणजे चहासारखी, घेतली की पाय चालतो. आणि मी तरी कुठे वेगळी? पुण्याहून येताना त्याच गोळीच्या दोन पट्ट्या मी स्वतः आणून दिल्या होत्या. डॉक्टर विचारत होते तेव्हा मलाही ते आठवलं नाही. हे लिहिताना अजून जीव कासावीस होतो.

झालं काय होतं, ते डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. किडनीत रक्त नेणारी बारीक नळी उघडी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य बनवतं. दुखण्यामागेही हेच द्रव्य असतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक या गोळ्या ते बनणंच कमी करतात, म्हणून दुखणं थांबतं. पण किडनीकडे जाणारी नळीही आवळते. आईच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन होतं, ते किडनीतून बाहेर जाणारी नळी सैल करतं. त्याच गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं. म्हणजे आत येणारं रक्त कमी, आतला दाब कमी, अंगातलं पाणी कमी. एरवी शरीर कसंबसं निभावून नेत होतं. जुलाब लागले आणि ते कोलमडलं.

"पण मी जेवूनच घेत होते," आई पुन्हा पुन्हा सांगत होती. जेवणानंतर घेतली की पोटाला थोडा आराम पडतो, किडनीला त्याचा काही उपयोग नाही. सोबतची गॅसची गोळीही पोट सांभाळते, किडनी नाही. गिधाडं आठवतात? डायक्लोफिनॅक दिलेली जनावरं मेली, त्यांचं मांस गिधाडांनी खाल्लं आणि किडनी निकामी होऊन त्यांचे थवेच्या थवे संपले. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाड आणि माणूस यांचं शरीर एक नाही, हे मला कळतं. तरी त्या दिवसांत मला सारखी ती गिधाडंच आठवत होती.

डायक्लोफिनॅकची गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही, असा कायदा आहे. पट्टीवर त्यासाठीच लाल उभी रेघ असते. प्रत्यक्षात "गुडघ्याची द्या" म्हटलं की कात्रीने चार गोळ्या कापून हातात पडतात. त्या तुकड्यावर ना नाव राहतं ना मुदत. मग डॉक्टरांना सांगायचं तरी काय, पांढरी गोळी? माझी कळकळीची विनंती आहे: गोळ्या कापून घेणार असाल, तर आधी अख्ख्या पट्टीचा फोटो काढा. कंपनीने ठेवलेलं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचा.

बारीक अक्षरांचं महत्त्व पॅरासिटामॉलच्या बाबतीत तर फारच आहे. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो, सगळ्यांत तेच. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम तेच. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांतही तेच. तब्येतीने धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ४,००० मिलिग्रॅम. तापासाठी ६५०ची गोळी चारदा घेतली, तर २,६०० झाले. वर सर्दीची गोळी तीनदा, तिच्यात ५०० असेल, तर आणखी १,५००. झाले ४,१००, आणि माणूस म्हणतो मी तर साध्याच गोळ्या घेतल्या. वजन कमी असेल, लिव्हर आधीच नाजूक असेल, रोज दारू असेल, तर मर्यादा याहून खूप खाली येते. जास्त झालं, तरी पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही, लिव्हरचं नुकसान मात्र आत सुरू झालेलं असतं. त्यावर उतारा आहे, पण पहिल्या आठ तासांत दिला तर तो सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून चुकून जास्त घेतल्या गेल्या, तर बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका.

आणि पावसाळ्यात ताप-अंगदुखी असेल, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. (हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन सुरू असेल, तर तीही मनाने बंद करू नका, त्यांना विचारा.)

गोळ्या घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. खुरपायला वाकणाऱ्या, उसाची मोळी डोक्यावर चढवणाऱ्या बाईला "विश्रांती घ्या" सांगणं सोपं असतं. तिचा दिवसाचा पगार त्या गोळीवर उभा असतो. तिला रागावून काही होणार नाही. तिला विचारावं लागेल, आणि तेही नीट शब्दांत: "औषध कुठलं घेता?" एवढंच नको, "गुडघ्याला, कमरेला, डोक्याला काय घेता?" आईला असं कुणी विचारलं असतं, तर तिने लगेच बटवा उघडला असता.

आईचं क्रिएटिनिन आता १.४ वर आहे. गुडघ्याला मलम, शेक, मांडीचे व्यायाम, आणि फारच ठणकलं तर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल. दुखणं पूर्ण गेलेलं नाही.

मागच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारायच्या आतच तिने बटवा टेबलावर उलटा केला. बीपीची पट्टी, पॅरासिटामॉलची अर्धी पट्टी, मलमाची ट्यूब आणि शेजारच्या काकूंनी दिलेल्या दोन कापलेल्या गोळ्या, नाव नसलेल्या.

"ह्या खाल्ल्या न्हाईत," आई म्हणाली. "आधी तुमाला इचारायला आणल्यात."