भद्रा कुठली, ते नंतर बघू

1 मे जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच वाद उगवतो. ‘जय जय महाराष्ट्र माझा’मधली रेवा म्हणजे नर्मदा, ती नंदुरबारच्या कडेने जाते इतकंच, भद्रा तर सरळ कर्नाटकातली. मग हे राज्यगीत कसं? दुसरी फळी कडक शिस्तीची: शाळेत वाजलंच पाहिजे, सगळ्यांनी सावधानमध्ये उभं राहिलंच पाहिजे. दोन्ही फळ्यांना अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, फुटबॉल सामन्याच्या शनिवारी मॉर्गनटाउनला आणून बसवावं.

वेस्ट व्हर्जिनियाचं राज्यगीत ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ भूगोलाच्या पेपरात नापासच होईल. त्यातले ब्लू रिज डोंगर आणि शेनँडोआ नदी या राज्याला फक्त पूर्वेच्या टोकाला, जेफरसन काउंटीत शिवतात. बाकी पसारा शेजारच्या व्हर्जिनियाचा. गीतकार बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट यांना गाणं सुचलं ते मेरीलँडमधल्या क्लॉपर रोडवर, आणि वेस्ट व्हर्जिनियात त्यांनी तोवर पाऊलही टाकलं नव्हतं. डॅनॉफ मूळचे मॅसॅच्युसेट्सचे, आणि ते नावही चालीत बसलं असतं. गायक जॉन डेन्व्हरबरोबर गाणं पुरं झालं, 1971 मध्ये बाजारात आलं. राज्यगीत झालं 2014 मध्ये, तेही आधीची तीन गीतं तशीच ठेवून.

मधली वर्षं महत्त्वाची. 1972 पासून मॉर्गनटाउनच्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा बँड घरच्या प्रत्येक फुटबॉल सामन्याआधी ते वाजवतो. 1980 मध्ये नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाला डेन्व्हर स्वतः येऊन गायला. जिंकल्यावर खेळाडू आणि प्रेक्षक मिळून गातात. ठराव मागाहून आला.

अर्थात कुठलंही गाणं असं चालत नाही. साठ हजारांच्या स्टेडियममध्ये दीडशे मीटरवरच्या गॅलरीला बँडचा आवाज जवळपास अर्धा सेकंद उशिरा पोचतो. जलद चालीत एवढ्यात शब्दावर शब्द चढतो आणि नुसता गलका उरतो. इथे लय मिनिटाला ऐंशीच्या आसपास, ‘रोड्स’ आणि ‘होम’ लांब ओढायचे, ओळीनंतर श्वासाला जागा. मागे पडलेला पुढच्या ओळीला परत सापडतो. ध्रुवपदाची झेपही बेताची, बेसूर माणसालाही झेपणारी.

आपल्या गीतातही अशी जागा आहे: ‘माझा’. शेवटी उघडा आकार, कोणीही ओढावा. राजा बढे यांचे शब्द, खळ्यांची चाल; पण गळा शाहीर साबळ्यांचा, आणि इथे परदेशातल्या आमच्या मराठी मंडळात त्याच पट्टीचा ट्रॅक लावला की कडव्यात बायकापुरुष दोघांचेही आवाज फाटतात. पट्टी दोन-तीन सुरांनी उतरवावी, ध्रुवपद सगळ्यांना द्यावं, कडवं चार जाणत्यांना. शेवटच्या ‘जय जय’ला ट्रॅक बंदच करावा. 2023 च्या शासन निर्णयात दोन कडवी आणि 1 मिनिट 41 सेकंद ठरले; पट्टी कोण ठरवणार? लोकांच्या तोंडी ते त्याआधी कित्येक दशकं होतंच, हे मान्य. म्हणून तर सावधानची घाई खटकते.

एक गोष्ट मात्र या तुलनेत सोयीने वगळली होती. वेस्ट व्हर्जिनियाची लोकसंख्या 1950 मध्ये वीस लाखांवर होती, 2020 मध्ये अठरा लाखांच्याही खाली. खाणी आटल्या, माणसं ओहायोकडे, डेट्रॉइटकडे गेली. ते गाणं बाहेर पडलेल्याचं आहे, तो रस्त्यालाच म्हणतो, घरी ने. आपलं गीत घरात पाय रोवून म्हणायचं. बाहेरून म्हणताना नेमकं कुठे उभं राहायचं, ते आम्हाला कळत नाही; मग आम्ही नद्या मोजतो. भद्रेचा तो मेसेज बऱ्याचदा इकडूनच सुटतो, तिकडे महाराष्ट्रात रात्रीचे दोन वाजलेले असताना.

गणपतीत मुलं ‘गर्जा’ला छत उडवतात. ‘रेवा वरदा’ आलं की आईबापांचे डोळे मोबाइलवरच्या शब्दांकडे.