देशासाठी एक नातू

जन्मदर घसरतोय म्हटल्यावर काळजी आपणच करायची. सकाळी कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चक्कर मारताना विषय काढा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे बाईमागे सरासरी मुलं, १.७ निघाला, लोकसंख्या टिकायला २.१ लागतो, एवढं पाठ असलं की पुरे. "आम्ही सहा भावंडं होतो" हेही जोडून द्या. त्या सहाजणांचं हगणं-मुतणं कोणी काढलं ते मात्र सांगू नका, उगाच विषयाला फाटे फुटतात.

घरी आल्यावर सूनबाईंकडे वळा. ती अंबडच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा आलेली असेल, तर उत्तमच. दमलेलं माणूस वाद घालत नाही. "होऊ दे गं, आम्ही आहोत ना सांभाळायला," म्हणा. पुढे तिने पाळणाघराच्या फीचा विषय काढला, की गुडघा चोळायला घ्या.

मुलाला कपबशी विसळायला लावू नका, तो पुरुषमाणूस आहे. दक्षिण कोरियाने वर्षानुवर्षं पैसा ओतला, तरी २०२३ मध्ये तिथला दर ०.७२ वर आला. तिथल्या बायका म्हणे ऑफिसचे लांबलचक तास आणि घरकाम यांचीच रड गातात! असल्या सबबी आपल्याकडे चालवून घेऊ नका.

गावाकडच्या पुतण्याला मात्र वेगळा सल्ला द्या. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं, तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. आंध्रने असा नियम २०२४ मध्ये काढून टाकला. देशासाठी पोरं हवीत हे खरं, पण सरपंचपद म्हणजे सरपंचपद.

राहता राहिलं तुमचं म्हातारपण. सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय आला, की पहिल्या मजल्यावरचे आहात तोवर कडाडून विरोध करा: "आम्ही वापरणार नाही, वर्गणी का द्यायची?" ठराव बारगळतो, चहा-बिस्किटं होतात. पंचाहत्तरी ओलांडली की एसटी फुकट आहेच, २०२२ पासून. फक्त जिना उतरून स्टँडपर्यंत पोचायचं. खुब्याचं हाड मोडलं तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली न्यावं लागतं, तेव्हा भक्कम हातांची खुर्ची आताच घेऊन ठेवा. उचलायला चार तरणी पोरंही हेरून ठेवा. आमच्या बिल्डिंगमध्ये एकच उरलाय, आणि तोही एक तारखेला हिंजवडीला चाललाय.