१६ फुटी होडी सरसकट सगळ्यांना नको

मासेमारीसाठी ॲल्युमिनियमची होडी घ्यायची तर १२ फुटी नको, १६ फुटीच घ्या, असा सल्ला एका लेखात वाचला. तो मला पटला नाही. आमच्याकडे साताऱ्यात, कण्हेर किंवा धोमच्या जलाशयावर, पाणी वर्षभर एका जागी राहत नाही. दिवाळीत काठाला असलेलं पाणी मे महिन्यात पार खाली उतरतं आणि मधे उरतो भेगाळलेला गाळ नि दगडगोटे. त्यावरून होडी न्यायची असते. १२ फुटी दोघं जण उचलून नेतात. १६ फुटीला चौघं लागतात, नाहीतर ती घासत ओढावी लागते आणि तळाचे पत्रे जोडणारे रिवेट ढिले होतात ते तिथेच.

मोठीचा फायदा आहेच. जाळं ओढताना दोघंही एका बाजूला येतात, वर ओल्या जाळ्याचं आणि कटला-रोहूचं वजन. छोटी होडी तेव्हा इतकी कलते की तिचा काठ आणि पाण्यात दोन बोटांचं अंतर उरतं. पण अशा वेळी लांबीपेक्षा रुंदी आणि काठाची उंची कामाला येते. म्हणून १२ फुटीच, पण सपाट तळाची, रुंद बघा. शिवाय पश्चिमेचा वारा सुटला की मोठी होडी नुसत्या वल्ह्यांवर आवरत नाही. इंजिन आलं, पेट्रोल आलं.

चौघं मिळून घेणार असाल तर मोठी जरूर घ्या. घरचे दोघंच असाल तर वाचलेल्या पैशात आधी लाइफ जॅकेट घ्या, कृपा करून!