ईव्हो टेनला मिळालेल्या एका स्टारबद्दल

नमस्कार साहेब,

तुमच्या ईव्हो टेनच्या, म्हणजे मित्सुबिशी लान्सर ईव्होल्युशन टेन गाडीच्या कामाबद्दल आमच्या गॅरेजला एक स्टार देऊन लिहिलेला तुमचा रिव्ह्यू वाचला. तीन दिवस थांबून लिहितोय, कारण त्याच दिवशी लिहिलं असतं तर उत्तराऐवजी भांडणच झालं असतं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डॅशबोर्डवरचा एक साधा दिवा घालवायला अठरा दिवस लावले, 44,800 रुपये घेतले, गाडी परत नेल्यावर अकराव्या दिवशी दिवा परत आला, पुण्यातल्या मेकॅनिकने सांगितलं की बॅटरी बदलली असती तरी भागलं असतं, आणि शेवटचं वाक्य, ‘होडीची इंजिनं करणाऱ्याच्या हातात लान्सर ईव्होल्युशन देऊ नका.’ यात माझ्या दोन चुका आहेत. त्या आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं बोलायला तोंड राहील.

पहिली चूक फोनची. तुम्ही तीनदा फोन केलात आणि तिन्ही वेळा आमच्या पोराने ‘उद्या होईल’ म्हणून सांगितलं. बाहेरून मागवलेल्या पार्टचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय हे मला आधीच कळलं होतं. तेव्हाच तुम्हाला फोन करायला हवा होता, तो केला नाही. पोराला बोलण्यात अर्थ नाही, ते ‘उद्या’ माझ्याकडूनच शिकलाय तो.

दुसरी चूक मोठी. ज्या तेलाच्या पंपाचं काम केलं (त्याबद्दल पुढे सांगतो), त्याच्या पाइपच्या जोडावरचं एक वॉशर मी जुनंच परत लावलं. हाताला सपाट लागलं, डोळ्याला बरं दिसलं, म्हणून लावलं. तिथून तेल पाझरत राहिलं, पंपाच्या तेलाच्या टाकीतली पातळी खाली गेली आणि तुमचा दिवा परत लागला. दुसऱ्या वेळी गाडी आणलीत तेव्हा नवं वॉशर लावून तेलात अडकलेली हवा पुन्हा काढून दिली, मजुरी घेतली नाही. पण बिलबुकात तेलाचे 1,300 रुपये लागले होते, ते तुमच्याकडून घेतले गेले. ते घ्यायला नको होते. काल संध्याकाळी तुमच्याच नंबरवर परत पाठवलेत, बघून घ्या.

आता बॅटरी. पुण्याच्या मेकॅनिकला मी वेडा म्हणणार नाही. ईव्हो टेनची बॅटरी पुढे बॉनेटखाली नसून मागे डिकीत असते, आणि व्होल्टेज पडलं की या गाड्यांत नाही नाही ते दिवे लागतात, हे खरं आहे. म्हणून तर सगळ्यात आधी बॅटरीच बघितली. गाडी उभी असताना 12.5 व्होल्ट, सेल मारताना साडेदहाच्या खाली नाही. बॅटरी ठणठणीत होती. ती बदलली असती तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि वर बॅटरीचे पैसे वेगळे.

तुमच्या डॅशबोर्डवर ‘एस-एडब्ल्यूसी सर्व्हिस रिक्वायर्ड’ असा मेसेज येत होता. एस-एडब्ल्यूसी म्हणजे कुठल्या चाकाला किती ओढ द्यायची ते ठरवणारी यंत्रणा. या गाडीत इंजिनची ओढ चारही चाकांना मिळते. पुढच्या आणि मागच्या चाकांत ओढ वाटून देणाऱ्या मधल्या डिफरन्शियलचा क्लच किती आवळायचा आणि वळणावर मागच्या दोन चाकांपैकी कुणाला जास्त ओढ द्यायची, हे तेलाच्या दाबावर ठरतं. तो दाब तयार करणारा एकच पंप आहे: इलेक्ट्रिक मोटर, तिला जोडलेला पंप, दाब साठवणारी बाटली, व्हॉल्व्ह आणि दाब मोजणारा सेन्सर, सगळं एका ठोकळ्यात. हा ठोकळा बसवलाय कुठे, तर मागच्या उजव्या चाकाच्या पाठीमागे, लायनरच्या, म्हणजे चाकावरच्या प्लास्टिकच्या आच्छादनाच्या आड. चाकाने उडवलेलं सगळं पाणी, चिखल आणि वाळू तिकडेच जाते. जिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात त्या देशांत ईव्हो टेनवाल्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, आपण गाडीच मिठात नेतो.

दाब तयार झाला नाही की यंत्रणा स्वतःला बंद करून घेते. गाडी मात्र चालत राहते, म्हणून लोकांना वाटतं नुसता दिवा आहे. तुम्हीच म्हणालात की दिवा फेब्रुवारीपासून लागत होता आणि गाडी आणलीत मे महिन्यात.

चावी फिरवली की मागच्या उजव्या बाजूने मोटरचा बारीक गुंजल्यासारखा आवाज यायला हवा. तुमच्या गाडीत काहीच नव्हतं. फ्यूज शाबूत. मोटरला बाहेरून थेट करंट दिला तर एकदा ‘घर्र’ करून गप्प. पंप खाली उतरवायलाच पूर्ण दिवस गेला, कारण बोल्ट लोखंडी आणि बॉडी ॲल्युमिनियमची. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे घरच्या घरी बॅटरी तयार होते, आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्टभोवती पांढरी भुकटी जमली होती, खिडकीतल्या ओल्या मिठासारखी. एक बोल्ट तुटला, तो ड्रिल करून काढला. मोटरचं मागचं झाकण उघडलं तर आत पाणी गेलेलं. मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन ब्रश त्यांच्या खोबणीत घट्ट अडकलेले, त्यांची पूड आणि पाणी मिळून काजळासारखा काळा लगदा झालेला. आर्मेचर, म्हणजे तो फिरता भाग, लेथवर साफ करून घेतलं, कार्बन आणि बेअरिंगं नवी टाकली, झाकणाची खाल्लेली कड भरून घासली. तुम्ही त्या दिवशी घाईत होतात, नाहीतर ते झाकण हातात दिलं असतं.

अठरा दिवसांचा हिशेब असा. उतरवणं, उघडणं, मोटरचं काम मिळून चार दिवस. सील आणि दाबाचा सेन्सर बाहेरून मागवावा लागला, त्यात अकरा दिवस. बसवायला एक. आणि मग हवा काढायची. ब्रेकची हवा काढतो तशी पायाने पेडल मारून या यंत्रणेची हवा जात नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून पंप आणि व्हॉल्व्ह एकेक चालवावे लागतात. तसा स्कॅनर माझ्याकडे नाही, दापोलीत कुणाकडेच नाही. ज्याच्याकडे आहे तो माणूस बाहेरून आला, त्याला रविवारशिवाय वेळ नव्हता. त्याची वाट बघण्यात उरलेले दोन दिवस.

पैसेही सांगतो, कारण वाचणाऱ्यांना वाटेल की दिव्याचा बल्ब बदलून चाळीस हजार घेतले. मोटरचं काम 8,500, सील आणि सेन्सर कस्टमसकट 13,200, तेल 2,600, स्कॅनरवाला 6,500, माझी मजुरी 14,000. नवा पंप मागवला असता तर आकडा लाखांच्या घरात गेला असता. हे मी तुम्हाला काम सुरू करायच्या आधी सांगितलं होतं आणि तुम्हीच म्हणालात, ‘जुनाच करा.’ मजुरी जास्त वाटत असेल तर बोलू. पण मोटर खोलून कार्बन बदलणारा माणूस आता शोधावा लागतो, सगळ्यांना ‘असेंब्ली बदला’ सोपं वाटतं.

राहिला होडीचा मुद्दा. माझे वडील हर्णै बंदरात होड्यांची डिझेल इंजिनं करायचे, मी पंधराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली होतो आणि आजही ते काम करतो. यात लपवण्यासारखं काही नाही, बोर्डावरच लिहिलंय. पण साहेब, तुमच्या गाडीचं दुखणं गाडीचं कमी आणि होडीचं जास्त होतं. खाऱ्या हवेत लोखंड कसं मरतं ते आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. होडीच्या मागे बाहेरून लावायचं आउटबोर्ड मशीन समुद्रातून आलं की गोड्या पाण्यावर चालवायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लोखंडी बोटीच्या तळाला जस्ताचे तुकडे का लावतात, तर मिठाने आधी जस्त खावं आणि बोट वाचावी म्हणून. तुमच्या पंपाला जस्त कुणी लावलेलं नव्हतं, म्हणून मिठाने पंपच खाल्ला.

आणि मीठ आलं कुठून? पहिल्या वेळी तुम्ही म्हणालात, गाडी फक्त रस्त्यावर चालते, फार तर दाभोळ-धोपावे जंगलवरून, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवरून आली असेल. (जंगलच्या उतारावर तुमचा पुढचा बंपर घासला होता, ते मला लगेच दिसलं. या उंचीच्या गाडीने ओहोटीच्या वेळी तिथे चढू नये, भरती बघून या.) मी मान्य केलं. पण दुसऱ्या वेळी लायनर काढलं तेव्हा आतून मूठभर वाळू पडली, आणि ती ओली होती. तळहातावर घेऊन तुम्हालाच दाखवली. तुम्ही हसलात आणि म्हणालात, ‘कर्द्याला मुलांनी हट्ट केला.’ म्हणजे गाडी कर्द्याच्या पुळणीवर नेली होती.

माझं सांगणं तेव्हाही तेच होतं आणि आताही तेच. चारही चाकं ओढतात म्हणून गाडी पुळणीवर न्यायची नसते. या गाडीला ग्रॅव्हल आणि स्नो असे मोड आहेत, पण त्यातला एकही मोड ओल्या वाळूत पोट टेकल्यावर उपयोगाचा नाही. दर सुट्टीत आमच्या किनाऱ्यावर कुणाची तरी गाडी रुततेच, भरती चढायला लागते आणि मग ट्रॅक्टर शोधत पळापळ. परवाच एक एसयूव्ही दाराच्या काचेपर्यंत पाण्यात होती. तुमचं नशीब चांगलं, नुसता पंप गेला.

जे माझे सल्ले जॉबकार्डवर लिहून दिलेत आणि बहुतेक वाचले गेले नाहीत, ते इथे लिहितो, दुसऱ्या ईव्होवाल्यालाही उपयोगी पडतील. किनाऱ्यावरून आलात की त्याच दिवशी मागच्या उजव्या चाकाच्या आत साध्या नळाच्या पाण्याने पाच मिनिटं धुवा. प्रेशर वॉशरने नको, पाणी कनेक्टरमध्ये घुसतं. वर्षातून एकदा, आगोटीच्या म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी, लायनर उतरवून पंपावर आणि बोल्टांवर मेणाचा किंवा ग्रीसचा हात द्या. तुमच्या पंपाला मी तो दिलाय, बिलात लावलेला नाही. लायनरच्या दोन क्लिपा काढताना तुटल्या होत्या, त्या जागी दुसऱ्या बसवल्यात. रंग वेगळा आहे, आवाज करणार नाहीत.

आता एक गोष्ट, जी तुमच्या रिव्ह्यूमध्ये नाही पण माझ्या डोक्यातून जात नाही. सकाळी थंड इंजिन पहिल्यांदा चालू केलं की दोन सेकंद पुढून साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो. मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘पहिल्यापासून तसंच आहे.’ पहिल्यापासून नसतं साहेब. नऊपर्यंतच्या ईव्होंना टायमिंग बेल्ट होता, तो ठरावीक किलोमीटरला बदलायचा हे सगळ्यांना ठाऊक असायचं. टेनला साखळी आली आणि लोक निर्धास्त झाले. पण या इंजिनाची साखळी ताणते, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांत, आणि ऑइल उशिरा बदललं तर अधिकच. ताणली की कॅमशाफ्टचं टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, मागे पडतं, आधी आवाज येतो, मग इंजिनचा दिवा. त्याच्या पुढे गेलं आणि साखळीने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि तेव्हाच्या बिलापुढे माझे 44,800 तुम्हाला चहापाणी वाटतील. माझ्याकडे करू नका हवं तर. पुण्यात करा, पण पावसाळ्याच्या आधी कुणाकडून तरी साखळी किती ताणली आहे ते मोजून घ्या.

स्टार वाढवा असं म्हणणार नाही. वॉशरचा एक आणि फोनचा एक असे दोन तुम्ही कापलेत तर मला चालेल. पण ते होडीच्या इंजिनांचं शेवटचं वाक्य तेवढं काढता आलं तर बघा, बंदरावरचे लोक वाचतात आणि वडिलांचं वय झालंय.

तुमच्या मोटरचं जुनं झाकण, तुटलेला बोल्ट आणि ते चिकटलेले कार्बन एका बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत, डब्यावर गाडीचा नंबर आहे. इकडे आलात की घेऊन जा. फक्त मंगळवारी नको, त्या दिवशी मी हर्णैला होडीच्या कामावर असतो.