शेजाऱ्यावर चढाई करायचीय? आधी वकील बोलवा

समजा, तुमच्या हाती एक देश आहे आणि शेजारच्या देशाचा एखादा तुकडा तुमच्या डोळ्यांत भरला आहे. सैन्य तयार आहे, नकाशे रंगवून झालेत, सेनापती रोज सकाळी ‘कधी?’ म्हणून विचारतोय. जरा थांबा. आधी वकील बोलवा. कायद्याचा आधार न शोधता रणगाडे हलवणाऱ्याला जग नुसता आक्रमक म्हणत नाही, अडाणीही म्हणतं.

युद्ध मात्र पुकारायचं नाही. १९२८ साली पॅरिसमध्ये बड्या देशांनी युद्धाचा रीतसर त्याग केला, त्यात जपानचीही सही होती. तीनच वर्षांनी जपानने चीनचा मांचुरिया गिळला, पण युद्ध काही पुकारलं नाही. शब्द पाळणं म्हणतात ते हेच.

आता संयुक्त राष्ट्रांची सनद हातात घ्या. कलम २(४) बळाचा वापरच काय, बळाची धमकीसुद्धा मना करतं. ते पान उलटा, उगाच मन खट्टू होईल. थेट कलम ५१ उघडा. सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षणाचा हक्क अबाधित आहे, असं तिथे म्हटलंय. आता हल्ला झालेलाच नाही ही किरकोळ अडचण उरते, पण वकील पोसलाय कशासाठी? हल्ला होणार होता. किंवा झाला, पण दुसऱ्या कुणावर तरी, आणि त्या बिचाऱ्याने तुम्हाला मदतीला बोलावलं. हा बिचारा कालपर्यंत देश नव्हता, अशी शंका कुणी काढेल. त्यावरही उपाय आहे. रशियाने पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क या फुटीर प्रदेशांना २१ फेब्रुवारी २०२२ रोजी देश म्हणून मान्यता दिली आणि २४ तारखेला त्यांच्या मदतीला सैन्य धाडलं. तीन दिवसांत देशही झाला, मैत्रीही झाली आणि हाकही आली.

कलम ५१ मध्ये आणखी एक अट आहे: जे केलं त्याची खबर सुरक्षा परिषदेला ताबडतोब द्यायची. ही अट अगदी काटेकोर पाळा. पत्र छोटं असावं, भाषा सभ्य असावी, शेवटी ‘हे परिषदेचा दस्तऐवज म्हणून वितरित व्हावं’ अशी नम्र विनंती असावी. तिकडे धूळ खाली बसायच्या आत इकडे तुमच्या पत्राला क्रमांक पडतो. सनदेतली एक तरी अट पाळल्याचं समाधान काही वेगळंच.

मग परिषदेची बैठक होईल. ज्यांच्या एकट्याच्या नकाराने ठराव पडतो, त्या पाच कायम सदस्यांपैकी एक असाल तर प्रश्नच नाही, नसाल तर पाचांतल्या एकाशी सोयरीक जमवा. २३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये तातडीची बैठक चालू होती आणि त्या महिन्याचं अध्यक्षपद होतं रशियाकडे. बैठक चालू असतानाच मॉस्कोहून मोहिमेची घोषणा झाली. युक्रेनचा प्रतिनिधी अध्यक्षांना म्हणाला, तुमच्या परराष्ट्रमंत्र्यांना आत्ताच्या आत्ता फोन लावा. फोन काही लागला नाही. दोन दिवसांनी निषेधाचा ठराव आला. बाजूने ११, तटस्थ ३, विरोधात १. ते एक मत अध्यक्षांच्याच देशाचं होतं, त्यामुळे ठराव पडला. वादातल्या पक्षकाराने मत देऊ नये असा नियम सनदेत आहे बरं का! पण तो सामोपचाराने तंटा मिटवण्याच्या, म्हणजे सहाव्या प्रकरणातल्या निर्णयांपुरता. सामोपचार संपून तोफा धडाडू लागल्या की पक्षकाराला त्याचं मत परत मिळतं. मसुदा लिहिणाऱ्यांच्या दूरदृष्टीला दाद द्यायला हवी.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरंच. पण कुणी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलंच, तर न्यायालयाला अधिकारच नाही म्हणा. न्यायालय म्हणालं, आहे, तर उठून घरी या. निकाराग्वाने बळाच्या वापराबद्दल भरलेल्या खटल्यात अमेरिकेने हेच केलं. १९८६ मध्ये निकाल विरुद्ध गेला, आणि तो अमलात आणायची दाद मागायची कुठे? सुरक्षा परिषदेत. तिथे नकाराधिकार कुणाकडे, हे काय सांगायचं! चीन तर फिलिपिन्सने नेलेल्या दक्षिण चीन समुद्राच्या लवादात फिरकलाच नाही, २०१६ च्या, निकालाला रद्दी म्हणून मोकळा झाला.

अर्थात तुमच्याहून दांडगा शेजारी हेच पुस्तक घेऊन तुमच्या सीमेवर आला, तर ते उलटलेलं पान शोधा. कलम २(४) त्या दिवशी फार सुंदर वाटतं.

फक्त नायजेरियासारखं करू नका. कॅमेरूनशी वादात असलेल्या बकासी द्वीपकल्पात नायजेरियाचं सैन्य होतं, राहणारे बहुतेक लोक नायजेरियन होते, आसपास तेलाची आशा होती आणि समोर होता कॅमेरूनसारखा लहान शेजारी. २००२ मध्ये हेगने निकाल कॅमेरूनच्या बाजूने दिला. आधी नायजेरियाने कुरकुर केली, इथवर सगळं रीतसर चाललं होतं. पण २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने करार केला, सैन्य मागे घेतलं आणि २००८ मध्ये उरलासुरला ताबाही सोडला. वर हा देश सुरक्षा परिषदेत कायमची जागा मागतो! अशा वागणुकीवर कोण देणार?