घरी बुलेट उघडण्याबद्दल – काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका नमस्कार, जुन्या ३५० सीसी बुलेटचे पॉइंट (ठिणगी पाडायला उघडझाप करणारे संपर्क) आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्याखालचा भाग) घरी कसे सेट करायचे त्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की अशा लेखांमुळे पोरं यूट्यूब बघून गाड्या उघडतात आणि वाट लावतात, वर पॉइंटची गॅप बदलली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हलतं हे मी लिहिलंच नाही, आणि तुमचे मेकॅनिक टॅपेटला थोडी टकटक मुद्दाम ठेवतात तर मी शून्य फट कशी काय सांगतो. एकेक घेतो.

टायमिंगचं तुमचं शंभर टक्के बरोबर, ती माझी चूकच झाली. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा एवढंच लिहून मी थांबलो. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात म्हणजे ठिणगी आधी पडते, कमी झाली की उशिरा, त्यामुळे गॅप लावून झाली की टायमिंग बघावंच लागतं आणि गरज पडली तर पॉइंटची प्लेट किंचित फिरवून ते परत जागेवर आणावं लागतं. नाहीतर फार आधी पडणाऱ्या ठिणगीने किक उलटी येते, आणि घोट्याला बसली की महिनाभर लंगडायला होतं. त्यासाठी वेगळं मशीन लागत नाही, अँपियर मीटर (बॅटरीत वीज येतेय की जातेय ते दाखवणारा काटा) आहे ना, चावी चालू ठेवून इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं, पॉइंट बंद असताना काटा मायनसकडे झुकलेला असतो आणि उघडले की मधे येतो, तोच तो क्षण. लेखात आज टाकतो.

टॅपेटच्या बाबतीत मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. शून्य म्हणजे टाइट नव्हे काका. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला (दाब देऊन अगदी वर आलेला), दोन्ही व्हॉल्व्ह बंद. सिलिंडरच्या बुडाशी उजवीकडचं छोटं झाकण काढलं की दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) दिसतात, एकेक चिमटीत धरून फिरवायचा, तो सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलवला तर अजिबात हलायला नको. बस, एवढंच सेटिंग. वेळ खरा लॉकनट आवळताना लागतो कारण आवळला की सेटिंग हलतंच, मला पहिल्यांदा एका टॅपेटला पाऊण तास गेला होता. आवळून झाल्यावर परत फिरवून बघायचा, आणि तो अडकत फिरत असेल तर सगळं परत ढिलं करायचं, चालतंय की म्हणून सोडायचं नाही. कारण टाइट राहिला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर (बंद झाल्यावर तो टेकतो त्या कडेवर) पूर्ण बसत नाही, आणि त्याची बहुतेक उष्णता सीटमधूनच बाहेर जायची असते, मग तो जळतो, कॉम्प्रेशन जातं आणि किक लोण्यासारखी हलकी लागते. म्हणून तुमच्या मेकॅनिकची बारीक टकटक मला चुकीची वाटत नाही, आवाज न करणाऱ्या टाइट टॅपेटपेक्षा ती कितीतरी बरी.

आता पोरं गाड्यांची वाट लावतात, त्याबद्दल. लावतात, मान्य. पण माझ्या वडिलांच्या गाडीचे ड्रेन बोल्टचे आटे मी नाही घालवले, ते एका गॅरेजमधे गेले. स्टीलचा बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचा क्रँककेस, आणि पोराने पान्याला पाइप लावून आवळला. मला कळलं कधी, तर चार दिवसांनी पार्किंगच्या फरशीवर तेलाचा डाग बघून. नवीन आटे पाडून बुश बसवावा लागला. त्या पोराचा मला राग नाही, त्याच्यापुढे दिवसाला दहा गाड्या असतात, माझ्यापुढे एकच आहे आणि तिचा आवाज मी रोज ऐकतो. घरी करायचं ते त्यासाठी, पैसे वाचवायला नाही. पैसे तर उलट जास्तच जातात, पुण्याच्या नाना पेठेत एक केबल आणायला गेलो की पिशवी भरून येतो, बोहरी आळीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्यायला गेलो आणि रिंग पान्यांचा अख्खा सेट घेऊन आलो.

आणि कुठे थांबायचं ते मी लेखात लिहिलं होतं, बहुतेक तुमच्या नजरेतून सुटलं असेल. तेल, प्लग, पॉइंट, टॅपेट, चेन, केबली, कार्बोरेटर साफ करणं इतकंच घरी. हेड उतरवायचं, पिस्टनच्या रिंगा, बिगएंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग), गिअरबॉक्स यातलं काहीही आलं की मी गाडी माझ्या मेकॅनिककडे नेतो आणि त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसतो, जे थोडंफार येतं ते तिथेच बसून शिकलोय. त्यांच्या पोटावर पाय द्यायचा विचारही मनात नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमच्या गाडीची किक हल्ली हलकी लागते आणि कात्रजचा घाट चढताना दम लागतो. काका, तेवढं उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी झाकण काढून एक्झॉस्टचा पुशरॉड फिरवून बघा, आणि फिरतो का अडकतो ते इथेच कळवा.